पोलादाला पोलाद म्हणा

मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला 'पोलाद' हा शब्द नवा नाही. शीतयुद्धावर लेख आला की त्यात 'पोलादी पडदा' असतो, सनदी अधिकाऱ्यांवर आला की 'पोलादी चौकट' असते, एखादी पंतप्रधान कणखर निघाली की ती 'पोलादी महिला' होते. यातला पडदा मूळ इंग्रजीत लोखंडाचा आहे. मराठीने तो परस्पर पोलादाचा करून टाकला, कारण एवढा कडेकोट बंदोबस्त सांगायला लोखंड कमी पडेल असं तिला वाटलं. म्हणजे या दोन धातूंतला फरक मराठी कानाला चांगला ठाऊक आहे.

हीच मराठी बाजारात उतरली की मात्र तो फरक पुसला जातो. बांधकामावर येणाऱ्या पोलादाच्या सळईला कुणी 'लोखंड' म्हणतं, कुणी 'स्टील'. भांड्यांच्या दुकानात 'स्टील' म्हणजे स्टेनलेस स्टील. घरातलं पोलादी पत्र्याचं कपाट 'लोखंडी कपाट'. उद्योगाच्या बातमीत पुन्हा 'स्टील हब'. पोलाद भाषणांपुरतं उरलं आणि वस्तूंवरून नाहीसं झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. जे छापतात त्यांनी, म्हणजे सरकारने, पाठ्यपुस्तक मंडळाने, सळई आणि भांडी विकणाऱ्या कंपन्यांनी, मराठीत लिहिताना बीड, लोखंड, पोलाद आणि अगंज पोलाद (म्हणजे स्टेनलेस स्टील) ही चार नावं वेगवेगळी ठेवावीत आणि त्यांच्यासोबत लोहारकामातले शब्दही वापरात आणावेत. बोलताना कुणी काय म्हणावं याबद्दल माझा काही आग्रह नाही. 'स्टीलचा डबा' आपल्या घरात इतका मुरलाय की त्याला बाहेर काढायचं काही कारणच नाही. प्रश्न छापील मराठीचा आहे, आणि त्यात लोकांचे पैसे, लोकांची सुरक्षितता आणि लोकांचे हक्क गुंतलेले आहेत.

आधी फरक काय तो पाहू. हे सगळे एकाच कुळातले धातू. मुख्य फरक कार्बनचा. कार्बन साधारण २ ते ४ टक्के असला की ते बीड. ते सहज वितळतं, साच्यात छान ओतता येतं, पण ठिसूळ असतं. बिडाचा तवा ओट्यावरून फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होऊ शकतात, पत्र्याचा तवा पडला तर फार तर पोचा येतो. कार्बन जवळजवळ नसला की ते घडीव लोखंड, मऊ आणि ठोकून हवं तसं वाकणारं. या दोघांच्या मधलं, २ टक्क्यांच्या आतलं, ते पोलाद. सळई, पत्रा, रूळ, सुई, स्प्रिंग, करवत सगळं यात आलं. जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड आता व्यापारी प्रमाणावर कुणी बनवत नाही, त्यामुळे आज 'लोखंडी' म्हणून जे विकलं जातं ते बिडाचं नसेल तर बहुतेक सगळं पोलादच असतं. या पोलादात क्रोमियम किमान साडेदहा टक्के घातलं की ते गंजायचं थांबतं.

इथे कुणी म्हणेल, सगळंच पोलाद असेल तर लोखंड म्हटल्याने बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की पोलादाचे गुण फक्त त्यात काय घातलंय यावर ठरत नाहीत, त्याला कसं तापवलं आणि कसं थंड केलं यावरही ठरतात. 'लोखंड' म्हटलं की ही दुसरी अर्धी गोष्ट मनातून निघून जाते.

जगभरच्या भाषांनी या धातूला नाव देताना त्याचे दोन गुण हेरले. जर्मन कुळातल्या भाषांनी त्याचा टणकपणा पाहिला. इंग्रजी 'स्टील' आणि जर्मन 'श्टाल' ज्या जुन्या क्रियाधातूवरून आले त्याचा अर्थ ठाम उभं राहणं, न हलणं. रशियनने तो शब्द जर्मनांकडून घेऊन 'स्ताल' केला आणि जुगाश्विली नावाच्या क्रांतिकारकाने त्यावरून स्वतःला 'स्तालिन' म्हणवून घेतलं. लॅटिन वळणाच्या भाषांचं लक्ष धारेकडे गेलं. तिथे 'आकिएस' म्हणजे धार, त्यावरून इटालियनचं 'अच्चायो', स्पॅनिशचं 'आसेरो', फ्रेंचचं 'आसिए'. आपल्याकडेही धारच दिसली. रसशास्त्राच्या ग्रंथांत, उदाहरणार्थ रसरत्नसमुच्चयात, लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्या 'तीक्ष्ण'चं मराठी झालं 'तिखें'. जुन्या मराठी कोशांत तिखें म्हणजे पोलाद असा सरळ अर्थ मिळतो, कोकणीतही हा शब्द आहे. जिभेला झोंबतं ते तिखट आणि कुऱ्हाडीला धार देतं ते तिखें, दोन्ही एकाच घरचे.

'पोलाद' आलं इराणकडून. मध्ययुगीन फारसीत 'पोलावद', मग 'पूलाद', अरबी वळणाने 'फौलाद'. हा शब्द जिथे जिथे तलवार पोचली तिथे पोचला. रशियनमध्ये नक्षीदार पोलादाला 'बुलात' म्हणतात, मंगोलियनमध्ये पोलाद म्हणजे 'बोल्द', तुर्कांत 'पोलात' हे माणसाचं नाव असतं. हिंदीने 'फौलाद' ठेवला आणि सरकारी कामासाठी 'इस्पात' घेतला, जो तलवारीसाठीच्या पोर्तुगीज 'एस्पादा'वरून आला असं कोशकार सांगतात. मराठीने 'पोलाद' घेतला आणि तो इतका आपला केला की तो परका आहे हे आज कुणाला सांगूनही पटत नाही. म्हणून भाषाशुद्धीवाल्यांच्या वाटेने जाऊन त्याच्या जागी एखादा घडवलेला संस्कृत शब्द आणावा असं मला मुळीच वाटत नाही. फारसी पोलाद, तद्भव तिखें, इंग्रजीतून आलेलं स्टील, तिन्ही आपलेच. कुठला शब्द कुठल्या वस्तूला, एवढंच ठरवायचं आहे.

गंमत अशी की ज्या काळात फारसी 'पोलाद' मराठीत रुळलं, त्या काळात खुद्द फारसी मुलखातही उत्तम पोलाद बाहेरून मागवलं जात होतं. ते दख्खनमध्ये आणि त्याच्या दक्षिणेला होत होतं. अरबांनी हिंदी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' म्हटलं, त्यात हिंदचं नावच आहे. आज तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात असलेल्या कोनसमुद्रम गावात इराणी व्यापारी पोलादासाठी येऊन राहत, हे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज निरीक्षकांनी लिहून ठेवलंय. म्हैसूरकडची रीत अशी होती: घडीव लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या काटक्या आणि हिरवी पानं मातीच्या मुशीत घालायची, मुशीचं तोंड लिंपायचं आणि भट्टीत तासन् तास भाता चालवायचा. लाकूडपाल्यातला कार्बन लोखंडात मुरायचा. मूस फोडली की आत मुठीएवढा गोळा, कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. हा गोळा हलक्या हाताने, कमी आचेवर ठोकत नेला की तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटायची. दमास्कसच्या म्हणून ज्या तलवारी युरोपात गाजल्या त्यांतल्या बऱ्याच या पोलादाच्या.

कानडी-तेलुगूत या पोलादाला 'उक्कु' म्हणतात. इंग्रजीत तोच शब्द 'वूट्झ' झाला, आणि तो झाला मुंबईमार्गे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची परीक्षा केली आणि १७९५ मध्ये निबंध छापला. निबंधाच्या मथळ्यात म्हटलंय की हे पोलाद मुंबईत तयार होतं आणि तिथे त्याला वूट्झ म्हणतात. कोशकारांचा अंदाज असा की 'उक्कु'साठी इंग्रजीत लिहिलेला 'वूक' कुठेतरी चुकीचा वाचला गेला आणि त्याचा 'वूट्झ' झाला. पुढे मायकेल फॅरडेने स्टोडार्ट नावाच्या हत्यार बनवणाऱ्यासोबत या पोलादावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. धातुशास्त्राच्या पुस्तकांत आजही 'वूट्झ' आहे. ज्याने मूस लावली त्याचं गाव गेलं, जातीचं-कसबाचं नाव गेलं, शब्दही मोडका होऊन उरला, आणि बंदराचं नाव तेवढं छापून आलं. शब्द नोंदवण्याचं काम ज्याच्या हाती असतं तोच शब्द ठरवतो, याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तेलुगू लोकांनी मात्र तो शब्द सोडला नाही. १९६६ मध्ये विशाखापट्टणमला पोलाद कारखाना व्हावा म्हणून आंदोलन पेटलं तेव्हा घोषणा होती, 'विशाखा उक्कु, आंध्रुल हक्कु', विशाखाचं पोलाद हा आंध्रांचा हक्क. लोकांनी त्यासाठी प्राण दिले. कारखाना झाला, कामगारांची वसाहत उभी राहिली आणि तिचं नाव पडलं उक्कुनगरम. २०२१ मध्ये त्या कारखान्याच्या खासगीकरणाचा निर्णय आला तेव्हा तीच घोषणा पुन्हा रस्त्यावर आली. मुशीतल्या पोलादाचं नाव आधुनिक कारखान्याला सहज लागू पडलं, कुणाला ते जुनाट वाटलं नाही. आपल्याकडे मात्र जालन्याला अभिमानाने 'स्टील सिटी' म्हणतात, गडचिरोलीला 'स्टील हब' करायच्या घोषणा होतात, आणि या शहर-जिल्ह्यांच्या नावांपुढे 'पोलाद' लावावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

महाराष्ट्राला या धातूची परंपरा नाही असंही नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला महापाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. सह्याद्रीत लोखंड गाळणाऱ्या लोकांना 'धावड' म्हणत, धातुकाला, म्हणजे धातू असलेल्या खनिज दगडाला, 'धाऊ'. महाबळेश्वराच्या डोंगरात त्यांच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत होत्या. मग कोळशासाठी लागणारं जंगल राखीव झालं, विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं, आणि भट्ट्या विझल्या. टाटांचा पोलाद कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला, पण जमशेटजींच्या मनात ती कल्पना रुजली चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या खनिजाचा अहवाल वाचून, १८८२ मध्ये. लोहाऱ्याचा बेत पुढे फसला. नंतर त्यांचे चिरंजीव दोराबजी यांना नागपूरच्या संग्रहालयात टांगलेल्या भूगर्भीय नकाशात दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या टेकड्या दिसल्या. त्याही पुढे बाजूला पडल्या आणि नंतर भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कामी आल्या. कंपनी मात्र १९०७ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि १९१२ मध्ये तिचं पहिलं पोलाद निघालं.

या सगळ्या व्यवहारातून मराठीला जे शब्द मिळाले त्यांतला सर्वांत मोलाचा शब्द 'पाणी'. लोहाराच्या भट्टीपाशी थोडा वेळ उभं राहून पाहा. कोयत्याचं पातं तो लालबुंद होईपर्यंत तापवतो, मग धारेची बाजू तेवढी पाण्यात बुडवतो. चर्र आवाज येतो, धार एकदम टणक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. पात्याच्या पाठीकडची ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि घासलेल्या जागेवर रंग चढायला लागतात, आधी गवताच्या काडीचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. ठिसूळपणा गेलेला असतो, टणकपणा पुरेसा उरलेला असतो. याला म्हणतात पाणी देणं. पाणी कमी झालं तर धार वळते, जास्त झालं तर तिचा टवका उडतो. साध्या मऊ लोखंडाला कितीही पाणी दिलं तरी ते धरत नाही, म्हणून पूर्वी कुऱ्हाडीच्या तोंडाशी तिखें बसवत. आता लोहार गाडीचा जुना कमानपाटा वापरतो, कारण त्या पोलादात पाणी धरण्याएवढा कार्बन असतो. 'पाणीदार' माणूस, 'त्याचं पाणी जोखलं', 'तिचं पाणी काही वेगळंच आहे' हे बोलताना आपण या भट्टीपाशीच उभे असतो.

आता टीएमटी सळई घ्या. गावोगावच्या भिंतींवर तिची जाहिरात आहे. घर बांधणारा प्रत्येक जण 'टीएमटीच पाहिजे' असं सांगतो, कारण तसं सांगायचं असतं एवढं त्याला ठाऊक असतं. ही तीन अक्षरं म्हणजे 'थर्मो-मेकॅनिकली ट्रीटेड'. कारखान्यात होतं ते असं: रोलिंग मिलमधून लाल तापलेली सळई निघते आणि लगेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांतून जाते. तिची बाहेरची साल क्षणात टणक होते, आतला गाभा अजून तापलेलाच असतो. पाण्यातून बाहेर आल्यावर गाभ्यातली ऊब सालीकडे सरकते आणि सालीचा ठिसूळपणा घालवते. शेवटी बाहेर चिवट-टणक कडं आणि आत मऊ गाभा अशी सळई तयार होते. तिचा तुकडा कापून, घासून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल लावलं की कडेचं गडद कडं डोळ्यांनी दिसतं.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. टीएमटी म्हणजे पाणी दिलेली सळई. लोहाराने कोयत्याच्या धारेला जे केलं तेच मिलने सळईच्या सालीला केलं. एवढी नेमकी संज्ञा आपल्या भाषेत तयार पडलेली असताना आपण तीन अर्थहीन अक्षरं घोकत बसलो आहोत. आणि याचा परिणाम नुसता भाषेपुरता राहत नाही. साइटवर जाड सळई वाकवायला जड जाते तेव्हा काही ठिकाणी ती गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवतात. तशी लाल होईपर्यंत तापवली की सालीचा टणकपणा जातो आणि नेमकी ती जागा, जिथे स्तंभाला किंवा तुळईला सळईचा भरवसा हवा, ती कमजोर होते. 'सळई तापवून वाकवू नका, तिचं पाणी उतरतं' हे एक वाक्य प्रत्येक गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर मराठीत छापलं तर बांधकामावरच्या गावाकडच्या माणसाला ते लगेच पटेल, कारण भट्टीत पडून पाणी उतरलेला विळा त्याने पाहिलेला असतो. 'थर्मो-मेकॅनिकल ट्रीटमेंटचे गुणधर्म नष्ट होतात' हे वाक्य अचूक आहे आणि त्याच्या काही कामाचं नाही.

सळईच्या अंगावर उठवलेल्या अक्षरांचंही तसंच. 'एफई ५००डी' असं लिहिलेलं असतं. 'एफई' म्हणजे लोखंडाचं रासायनिक चिन्ह, ५०० म्हणजे चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटनपर्यंत ताण आला तरी ती कायमची लांबत नाही, आणि 'डी' म्हणजे ती तुटण्याआधी जास्त ताणली जाते. भारतीय मानक आयएस १७८६ प्रमाणे साध्या ५०० सळईचं किमान लांबणं १२ टक्के, 'डी'चं १६ टक्के. कार्बनची मर्यादा साध्या सळईत ०.३० टक्के, 'डी'त ०.२५. भूकंपात घर हलतं तेव्हा सळईने पटकन तुटू नये, ताणली जाऊन वेळ द्यावा, यासाठी हा 'डी' असतो. ज्या महाराष्ट्राने १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिला, तिथे आयुष्याची पुंजी घालून घर बांधणाऱ्याला 'डी'चा अर्थ माहीत नसावा याचं मला दुःख होतं. 'चिवट' हा शब्द सगळ्यांना येतो. 'चिवट सळई' लिहायला काय हरकत आहे?

भांड्यांच्या दुकानात वेगळा घोळ आहे. तिथे 'शुद्ध स्टील' ओळखायला लोहचुंबक लावून दाखवतात. चिकटला नाही तर चांगलं, चिकटला तर हलकं. ही परीक्षा फसवी आहे. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ प्रतीच्या पोलादाला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण महाग निकेलचा मोठा भाग काढून त्याजागी मँगनीज घातलेल्या २०० च्या मालिकेलाही चिकटत नाही, आणि ती मालिका मीठ-चिंचेपुढे कमी टिकते. उलट निकेल नसलेल्या ४३० प्रतीच्या अस्सल स्टेनलेसला चुंबक चिकटतो. इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्याचा तळ तर चुंबक धरणाराच हवा. केंद्राने २०२४ मध्ये या भांड्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला, ते चांगलं झालं. पण भांड्याची प्रत आणि तिचा अर्थ मराठीत लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक चुंबकावरच विसंबून राहणार.

या धातूसाठी शाळेच्या पुस्तकांतून 'निष्कलंक पोलाद' असा शब्द फिरत असतो. मराठी विश्वकोशाने त्यासाठी 'अगंज पोलाद' लिहिलंय. मला अगंज फार आवडतो. गंज सगळ्यांना कळतो, त्यामुळे अगंज समजावून सांगावा लागत नाही. निष्कलंक हा माणसाच्या चारित्र्याचा शब्द आहे, त्यातून धातूबद्दल काही कळत नाही. इंग्रजीतही हा प्रश्न आलाच होता. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने हे पोलाद तयार केलं तेव्हा तो त्याला न गंजणारं म्हणत होता. सुऱ्या-चमच्यांच्या एका कारखान्यातल्या माणसाने 'डाग न पडणारं' हे नाव सुचवलं आणि तेच चाललं. विश्वकोशकारांनी नकळत ब्रिअर्लीचा मूळ विचार मराठीत आणला. असे शब्द विश्वकोशात आणि भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत पडून आहेत. शब्द नाहीत ही तक्रार खोटी आहे. ते ज्याच्या हातात पडायला हवेत त्याच्यापर्यंत कुणी पोचवले नाहीत, ही खरी तक्रार.

यावर नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे: कारागीर स्वतःच 'टीएमटी', 'स्टील', 'वेल्डिंग' म्हणतो, मग आपण त्याच्यावर मराठी का लादायची? आक्षेपात तथ्य आहे. घडवलेले शब्द वरून लादले तर ते कुणी वापरत नाही, आणि अशा शब्दांनी मराठीचं हसूच झालंय. वेल्डिंगला मी वेल्डिंगच म्हणेन. पण आयटीआयमध्ये वेल्डर होऊ पाहणाऱ्या मुलाला 'या पोलादात कार्बन जास्त आहे, सांध्याशेजारची जागा पाणी दिल्यासारखी कडक होऊन तडकेल, म्हणून आधी जरा तापवून घे आणि हळू थंड होऊ दे' हे मराठीत सांगता आलं, तर त्याला कारण कळतं. कारण कळलेला माणूस नव्या कारखान्यात, नव्या धातूवरही विचार करू शकतो. नुसती अक्षरं पाठ केलेला माणूस सांगितलं तेवढंच करतो, आणि त्याला पगारही तेवढाच मिळतो. केंद्राने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाचा आनंद मलाही आहे, आणि म्हणूनच या कामासाठी लोहार, घिसाडी, साचेकार, रोलिंग मिलचे फोरमन यांना बोलावून त्यांचे शब्द टिपून घ्यावेत अशी माझी मागणी आहे. घिसाडी समाजाची मुलं आता भट्टी सोडून दुसऱ्या कामांकडे वळत आहेत. वळावंच त्यांनी. पण भट्टीबरोबर शब्द गेले तर ते कोशात नंतर मिळणार नाहीत.

सर्वांत निकडीची जागा गडचिरोलीची आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतंय, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिलाय, आणि पुढच्या कित्येक प्रकल्पांच्या घोषणा होत आहेत. अशा प्रकल्पांआधी पर्यावरणाची जनसुनावणी होते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण आघात अहवालाचा संक्षिप्त गोषवारा राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो, सविस्तर अहवाल इंग्रजीत असला तरी चालतो. ही अधिसूचना बदलण्याचा मसुदा २०२० मध्ये आला, तेव्हा तो बावीस भाषांत द्या असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. भाषेचा प्रश्न न्यायालयात जातो तेव्हा तो हौसेचा राहिलेला नसतो.

गोषवारा मराठीत असणं पुरेसं नाही. त्यात 'बेनिफिसिएशन प्लांट', 'टेलिंग्ज', 'स्लरी पाइपलाइन', 'स्पंज आयर्न' असे शब्द देवनागरीत उतरवले की कायद्याची अट पुरी होते आणि ज्याची जमीन आहे त्याला काहीच कळलेलं नसतं. हेच असं लिहिता येतं: हलक्या प्रतीचा दगड दळून पाण्याने धुऊन त्यातली धाऊ वेगळी करणार, उरलेला बारीक चिखल बांध घालून साठवणार, धाऊ पाण्यात कालवून नळाने कारखान्यात नेणार, तिथे कोळशासोबत तापवून, न वितळवता, सच्छिद्र लोखंड करणार, मग ते वितळवून पोलाद. हे वाचलेला माणूस लगेच विचारेल की पाणी कुठल्या नदीचं, किती, उन्हाळ्यात किती, चिखलाचा बांध कुणाच्या शेताच्या वरच्या अंगाला, तो फुटला तर जबाबदार कोण, आणि कोळशाचा धूर कुठे जाणार. जनसुनावणीत विचारायला हवेत ते प्रश्न हेच. आणि त्या डोंगरातल्या अनेक गावांची बोली माडिया आहे, मराठी त्यांची दुसरी भाषा. तेव्हा हा गोषवारा साध्या मराठीत लिहून झाला की तो माडियात सांगणारा माणूस सुनावणीच्या दिवशी मंडपात आणि त्याआधी महिनाभर गावागावांत हवा, आणि त्याचा खर्च प्रकल्प करणाऱ्याने द्यायला हवा.